प्राणिसंग्रहालयात सहलीला निघालात? पिंजऱ्याबाहेर उभा असलेला स्वयंसेवक काय सांगतो, ते आधी वाचा

दिवाळीची सुट्टी असो, उन्हाळ्याची असो की शाळेची सहल. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, भोर, पुरंदर, कुठल्याही तालुक्यातनं गाडी पुण्याकडे निघाली की यादी ठरलेली असते. शनिवारवाडा, सारसबाग आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय. पोरांना वाघ बघायचा असतो, म्हाताऱ्या माणसांना हत्ती बघायचा असतो आणि डबा खायला सावली पाहिजे असते.

अशा ठिकाणी गर्दीच्या दिवशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली कॉलेजची पोरं-पोरी, कधी निवृत्त झालेले शिक्षक पिंजऱ्याजवळ उभे दिसतात. "दादा, काचेवर टकटक करू नका", "मावशी, माकडाला बिस्कीट देऊ नका" असं सांगत असतात. बऱ्याच जणांना वाटतं, हे वॉचमन आहेत, उगाच हटकतात. तसं नाही. हे स्वयंसेवक असतात. पगार नसतो. सुट्टीच्या दिवशी घरी झोपायचं सोडून ते उन्हात उभे राहतात.

ते नेमकं काय करतात, का करतात आणि त्यांचं ऐकल्यानं आपल्या गावाकडच्या माणसाचा काय फायदा, ते आज समजून घेऊ.

प्राणिसंग्रहालय हे फक्त बघायचं ठिकाण नाही

आधी थोडी माहिती. पुण्यात पूर्वी सारसबागेजवळ पेशवे पार्क होतं. आपल्या आई-वडिलांच्या पिढीनं तिथंच पहिला वाघ बघितला. जागा लहान, पिंजरे लहान. पुढे प्राणी कात्रजला हलवले आणि १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं. ते पुणे महापालिका चालवते. साधारण १३० एकर जागा आहे, आत तलाव आहे. त्याच्याही आधी, १९८६ मध्ये तिथं सर्पोद्यान सुरू झालं होतं. १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका खोलीत राहिलेले नीलिमकुमार खैरे या सर्पोद्यानाच्या उभारणीत पुढे होते. साप दिसला की मारायचा, एवढंच माहिती असलेल्या लोकांना साप समजावून सांगायचा, हा त्यामागचा हेतू.

देशातल्या सगळ्या प्राणिसंग्रहालयांवर देखरेख ठेवायला १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. त्याची मान्यता नसेल तर प्राणिसंग्रहालय चालवताच येत नाही. १९९८ मध्ये राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरण आलं. करमणूक हा मुख्य उद्देश नाही, वन्यजीव वाचवायला हातभार लावणं आणि लोकांना शिकवणं हे खरं काम, असा त्याचा रोख आहे.

आता शिकवणार कोण? प्राण्यांची देखभाल करणारा कर्मचारी खाणं, साफसफाई, औषध यातच अडकलेला असतो. रविवारी हजारो माणसं येतात. पाटी लावली तरी किती जण वाचतात? म्हणून माणूस उभा करावा लागतो. म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय १८९२ पासून आहे. तिथं शाळकरी मुलांना दर रविवारी बोलावून शिकवणारा यूथ क्लब चालतो. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयासाठी १९५८ मध्येच लोकांनी एकत्र येऊन मित्रमंडळ काढलं होतं. जगभर हीच पद्धत आहे.

"एक बिस्कीट दिलं तर काय बिघडलं?"

स्वयंसेवकाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हा. आपल्याकडे दारात आलेल्याला खायला घालणं हे पुण्य. त्यामुळे खाऊ देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण समजा, रविवारी एका माकडासमोरनं पाच हजार माणसं गेली आणि त्यातल्या फक्त शंभर जणांनी एकेक बिस्कीट टाकलं. माकडाच्या पोटात शंभर बिस्किटं. साखर, मैदा, मीठ. ठरवून दिलेला चारा, फळं मग ते तोंडाला लावत नाही. दात किडतात, चरबी वाढते आणि खाऊ दिसला नाही की ते माणसावर धावून जातं.

हरणाचं तर अजून अवघड. चितळ, सांबर, नीलगाय, काळवीट, गवा हे सगळे आपल्या गाई-म्हशीसारखे रवंथ करणारे प्राणी. गाईच्या पोटातनं किलो-किलोनं प्लॅस्टिक निघाल्याच्या बातम्या आपण वाचतो. ते प्लॅस्टिक पोटात साठत जातं आणि जनावर खंगत जातं. चिप्सचं रिकामं पाकीट वाऱ्यानं हरणाच्या कुंपणात गेलं तर तिथंही तेच होतं. फरक एवढाच, की गाईला धरून डॉक्टरकडे नेता येतं. हरणाला धरताना ते इतकं घाबरतं की त्या धसक्यानंच मरू शकतं.

तिसरी गोष्ट आजाराची. प्राण्यापासून माणसाला रोग होतो हे आपल्याला माहिती आहे. पण माणसापासूनही प्राण्याला होतो. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात वाघिणीला कोरोना झाल्याचं निघालं. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात आठ सिंहांना कोरोना झाला. माकडाला माणसाकडून सर्दी आणि क्षयसुद्धा होऊ शकतो. म्हणजे आपण अर्धं खाल्लेलं कणीस कौतुकानं आत टाकलं, तर त्याबरोबर काय टाकतोय ते आपल्यालाही माहिती नसतं.

आणि हे फक्त शिस्तीचं नाही, कायद्याचं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३८ जे प्रमाणे प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, जखमी करणं, खायला घालणं, गोंगाट करून त्रास देणं आणि तिथं कचरा टाकणं हे सगळे गुन्हे आहेत. कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. स्वयंसेवक हात जोडून सांगतो तेव्हा तो आपल्याला याच्यातनं वाचवतही असतो.

"वाघ नुसता झोपलाय, पैसे वाया गेले"

हे वाक्य रोज ऐकू येतं. मग कोण शिट्टी मारतं, कोण खडा मारतं, कोण मोबाइलवर डरकाळीचा आवाज लावतं.

वाघ, बिबट्या, सिंह हे दिवसातला बराच वेळ झोपूनच काढतात. जंगलातही. शिकार करायला प्रचंड ताकद लागते, ती राखून ठेवायची त्यांची ही रीत. दुपारी बारा-एकला आपणही लिंबाखाली आडवे होतो, तसंच. चांगला स्वयंसेवक असेल तर तो सांगतो, "आजोबा, सकाळी उघडल्या उघडल्या या, नाहीतर ऊन कलल्यावर. तेव्हा तो फिरताना दिसेल."

एखादा प्राणी एकाच रेषेत सारखा इकडून तिकडे येरझाऱ्या घालताना दिसतो. लोकांना वाटतं, नाचतोय, खेळतोय. तसं नेहमी नसतं. बंदिस्त जागेत कंटाळा किंवा ताण आला की प्राणी असं करतात. म्हणून आता मोकळी आवारं, पाण्याचे हौद, चढायला ओंडके, लपवून ठेवलेलं अन्न अशी सोय करतात. प्राण्याचं डोकं आणि अंग कामात राहावं, हा हेतू. आपण बाहेरून आरडाओरडा केला की त्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

त्यासाठीच आठवड्यातनं एक दिवस प्राणिसंग्रहालय बंद ठेवायचा नियम आहे. प्राण्यांना उसंत मिळते आणि साफसफाई, दुरुस्ती होते. कात्रज आणि मुंबईची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असतं. नागपूरचं गोरेवाडा सोमवारी. गाडी ठरवण्याआधी वार बघा. बुधवारी पोरांना घेऊन जाऊन बंद फाटकासमोर फोटो काढून परत येणारी कुटुंबं कमी नाहीत.

दिल्लीची ती घटना विसरू नका

२३ सप्टेंबर २०१४. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एक तरुण पांढऱ्या वाघाच्या आवारात पडला. वाघानं लगेच हल्ला केला नाही. काही मिनिटं तो त्या तरुणासमोर नुसता उभा होता. मोबाइलवरचा तो व्हिडिओ देशभर फिरला. वरून लोक ओरडत होते, काहींनी दगड मारले. शेवटी वाघानं त्याची मान धरली. तो तरुण वाचला नाही.

दगड मारणाऱ्यांना त्याला वाचवायचंच होतं. पण बिथरलेला प्राणी काय करेल, याचा भरवसा नसतो. स्वयंसेवकांना शिकवताना यावर भर असतो: असं काही झालं तर पहिलं काम म्हणजे कर्मचाऱ्यांना कळवणं, दुसरं गर्दी मागे घेणं आणि तिसरं म्हणजे लोकांना शांत ठेवणं. वाघाच्या सवयीचा कर्मचारी, त्याचा रोजचा आवाज, खाण्याच्या खोलीचं उघडं दार, बेशुद्ध करणारी बंदूक, हे उपाय त्यांच्याकडे असतात. आपल्याकडे दगडच असतो, आणि तो उपयोगाचा नाही.

म्हणून कठड्यावर पोराला बसवून फोटो काढू नका. "दोन सेकंदच" म्हणत काढलेला सेल्फी आयुष्यभर पुरेल असं दुःख देऊ शकतो.

सर्पोद्यानात दहा मिनिटं जास्त थांबा, जीव वाचेल

आता मुद्द्याची गोष्ट. वाघ आपल्या शिवारात येत नाही. साप मात्र रोज येतो. गोठ्यात, कांद्याच्या चाळीत, सरपणात, कडब्याच्या गंजीत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं साधारण १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे.

त्यामुळे सर्पोद्यानात स्वयंसेवक बोलायला लागला की "चला पुढं" म्हणू नका. या चार सापांसमोर थांबा.

नाग: फणा काढतो, सगळ्यांना ओळखू येतो.

मण्यार: काळपट, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे. रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावल्याचं कित्येकदा कळतही नाही, सूज नाही, फारशी आग नाही. पोटात दुखतं, पापण्या जड होतात. लोक म्हणतात, काहीतरी खाल्लं असेल. तिथंच घात होतो.

घोणस: जाडजूड, अंगावर साखळीसारखे गोल ठिपके. कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकतो. अजगराचं पिल्लू समजून हात घालणारे फसतात.

फुरसं: आकारानं लहान, पण खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतं. दगडाखाली असतं. लहान म्हणून हलक्यात घेऊ नका.

धामण, दिवड, कवड्या, मांडूळ हे बिनविषारी. धामण उंदीर खाते, म्हणजे आपलं धान्य राखते. कवड्या आणि मण्यार यांच्यात मात्र भल्याभल्यांची गफलत होते. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारचे पट्टे शेपटीकडे ठळक असतात, डोक्याकडे फिके. काचेआड दोन्ही शेजारी-शेजारी बघितले की हा फरक डोक्यात बसतो. पण रात्री बॅटरीच्या उजेडात स्वतःच निवाडा करायचा नाही. साप चावला की दवाखाना, हाच नियम.

"साप दूध पितो का हो?" हा प्रश्न नागपंचमीच्या आसपास हमखास येतो. पीत नाही. दूध हे त्याचं अन्नच नाही. गारुडी त्याला उपाशी-तहानलेला ठेवतो, म्हणून तो समोर येईल त्यात तोंड घालतो आणि नंतर मरतो. पुंगीवर तो डोलतही नाही. त्याला बाहेरचा कान नाही. पुंगी हलते तिकडे तो नजर ठेवतो. मांडूळ घरात ठेवलं तर पैसा येतो, ही तर शुद्ध फसवणूक. मांडूळ पकडणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. पैसा येत नाही, पोलीस येतात.

साप चावला तर काय करायचं, तेही तिथं सांगतात. थोडक्यात लिहून ठेवा:

– माणसाला धीर द्या, पळवू नका, चालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका.
– अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण काढा. सूज आली की ते रुततात.
– दोरी आवळून बांधू नका. ब्लेड मारू नका. तोंडानं विष ओढू नका.
– मांत्रिक, देवरशी यांच्याकडे वेळ घालवू नका.
– साप पकडायच्या मागे लागू नका. दुसरा माणूस चावला जातो.
– १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. निघतानाच फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा.

आपल्याकडे मिळणारं प्रतिविष वरच्या चारही सापांच्या विषावर चालतं. म्हणून कुठला साप चावला ते नक्की माहिती नसलं तरी उपचार थांबत नाहीत.

बिबट्या तिथं काचेआड, इथं उसात

जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यात बिबट्याची ओळख करून द्यायला नको. जुन्नर तालुक्यात माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहेच. पण प्राणिसंग्रहालयात बिबट्या शांतपणे बघता येतो, आणि भीतीपेक्षा माहिती जास्त कामाची.

पहिली गोष्ट, बिबट्या आणि चित्ता एक नाही. बिबट्याच्या अंगावर पाकळ्या जुळवल्यासारखे ठिपके असतात, चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते. चित्ता भारतातनं नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातनं काही चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आणले. आपल्या उसात "चित्ता" दिसत नाही, दिसतो तो बिबट्याच.

दुसरी गोष्ट तोडणीच्या वेळची. उसात बिबट्याची पिल्लं सापडली की गर्दी जमते, फोटो निघतात, कोणी उचलून घरी नेतं. मादी जवळच असते. पिल्लं नाहीशी झाली तर ती चवताळते आणि धोका वाढतो. पिल्लांना हात लावू नका, तोडणी तिथं थांबवा, वनविभागाला १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. वनविभागाची माणसं पिल्लं त्याच जागी ठेवून मादीची वाट बघतात. बऱ्याचदा रात्रीत ती पिल्लं उचलून नेते.

तिसरी गोष्ट, अंधार पडल्यावर लहान पोरांना एकटं बाहेर सोडू नका, शेळ्या-कोंबड्या बंदिस्त गोठ्यात ठेवा, शिवारात जाताना मोबाइलवर गाणी लावा, बोलत चला. बसलेला, वाकलेला माणूस त्याला लहान दिसतो, हे उघड्यावर बसताना आणि शेतात वाकून काम करताना लक्षात ठेवा.

स्वयंसेवकांची मदत कशाकशाला घ्यायची?

रस्ता, पाणी, स्वच्छतागृह, कुठला प्राणी कुठल्या बाजूला, हे बिनधास्त विचारा. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी कात्रजला बॅटरीवरची गाडी असते, तिची चौकशी करा. पोरगं चुकलं तर इकडंतिकडं धावण्याआधी स्वयंसेवकाला किंवा गेटवर सांगा. त्याहून सोपं म्हणजे निघतानाच पोराच्या खिशात घरच्यांचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. शाळेची सहल असेल तर गुरुजींनी आधीच फोन करून माहिती देणारं कोणी मिळेल का ते विचारावं. चाळीस पोरं एका माणसाभोवती उभी राहिली तर ती सहल लक्षात राहते.

आणि तुमच्या घरातलं कॉलेजचं पोरगं पुण्या-मुंबईत शिकत असेल, तर त्यालाही हे काम करता येईल. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात. साधारणपणे प्राणिसंग्रहालयाच्या कार्यालयात अर्ज द्यावा लागतो, ओळखपत्र लागतं, थोडं प्रशिक्षण असतं. दरवर्षी १ ते ७ ऑक्टोबरला वन्यजीव सप्ताह असतो, तेव्हा चौकशी करायला चांगली वेळ. एक गोष्ट आधीच सांगतो, पिंजऱ्यात जायला, वाघाच्या पिल्लाबरोबर फोटो काढायला मिळेल म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. स्वयंसेवकाचं काम पिंजऱ्याबाहेर, माणसांबरोबर असतं. तेच अवघड आहे. दिवसातनं दोनशे वेळा तेच वाक्य न चिडता बोलावं लागतं.

गावात आल्यावर

पोरं सहलीहून परत आली की विचारा, मण्यार कसा असतो रे? कवड्या आणि त्याच्यात फरक काय? सांगता आलं तर तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणा. कारण एखाद्या रात्री घरातल्या कोणाच्या पोटात दुखायला लागेल, पापण्या मिटायला लागतील, आणि मोठी माणसं ओवा-सोडा शोधत असतील. तेव्हा "आई, याला मण्यार चावला असेल, दवाखान्यात चला" असं म्हणणारं एक पोरगं घरात असलं पाहिजे.

ही बातमी सहलीला निघालेल्या ग्रुपवर पाठवा. आणि १०८ व १९२६ हे दोन नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा.